साडेपाचचा पारा

एप्रिल अर्धा सरला की माझ्या फोनवर ऊन यायला लागतं. अंगणातलं ऊन वेगळं, ते सकाळी आठलाच आलेलं असतं. फोनवरचं त्याच्याहून चार-पाच अंशांनी जास्त असतं. कुणी भुसावळचा एकोणपन्नास पाठवतो, तर दुसरा लगेच जळगावचा बावन्न पाठवून त्याच्यावर कडी करतो. परवा भाच्याने तापलेल्या पत्र्यावर तळलेल्या अंड्याचा फोटो पाठवला. ते अंडं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. गेली पाच-सहा वर्षं दर वैशाखात ते येतं, फक्त गावाचं नाव बदलतं. आम्हा खान्देशी माणसांना बाकी कशाचा नसेल एवढा उन्हाचा अभिमान. पुण्याला नोकरीला गेलेला पोरगासुद्धा तिथे अडतीसला कुणी हाशहुश केलं की छाती पुढे काढून म्हणतो, 'ह्याला तुम्ही ऊन म्हणता?'

मी आता अशा आकड्यांना उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचो, कारण तो माझा धंदाच होता. यावल-चोपडा पट्ट्यातल्या एका सरकारी शेती फार्मवर मी सव्वीस वर्षं हवामान निरीक्षक होतो. पद ऐकायला मोठं, काम एवढंच की गवतावर चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी उघडायची, आतले तापमापक वाचायचे आणि आकडे वहीत लिहायचे. पेटीला चारही बाजूंनी झडपा, म्हणजे हवा आत जाते पण ऊन जात नाही. गाव तिला कबुतरखाना म्हणायचं, जरी कबुतर तिच्यात कधी बसलं नाही. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी साडेपाच अशा तीन खेपा असत. दिवसाचं सर्वांत जास्त तापमान साडेपाचला वाचायचं. त्याची नळी वेगळी. तिच्यातला पारा चढला की वरच अडकून राहतो, डॉक्टरच्या थर्मामीटरसारखा. वाचून झालं की झटकून तो खाली आणायचा, मग नळी दुसऱ्या दिवसासाठी तयार.

झटकायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांची गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका वैशाखातली आहे.

केळीच्या पट्ट्यातला वैशाख बाहेरच्या माणसाला फसवतो. रस्त्यावरचं डांबर पाघळत असतं, आणि दोन पावलांवर हिरवीगार बाग उभी. वाटतं, आत शिरलं की सुटलो. पण घड कापणीच्या वेळी आत वारा नसतो, खाली पाणी दिलेलं असतं आणि वर पानांचं छत. बाहेर माणूस भाजतो, आत शिजतो. कापणीच्या टोळ्या पहाटेच बागेत शिरायच्या. एक जण घड तोडणार, दुसरा खांद्यावर घेणार, बांधापर्यंत वाहून नेणार. केळीचा चीक अंगावरच्या कपड्यांना लागला की काळा डाग पडतो आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. म्हणून कापणीचे मजूर लग्नाच्या वऱ्हाडातही ओळखू येतात. दहा वाजता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि हाताच्या बुक्कीने फोडलेला कांदा. उरलेला कांदा खिशात, लू लागू नये म्हणून.

अशाच एका टोळीची मुकादम होती अक्का. धुळ्याकडून हंगामाला यायची, पंचावन्नच्या पुढची, आवाज असा की बागेच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला ऐकू जावं. त्या वैशाखाच्या आदल्या उन्हाळ्यात तिची धाकटी जाऊ घड वाहता वाहता बांधावर बसली ती उठलीच नाही. ज्या व्यापाऱ्यासाठी टोळी काम करत होती, ते शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. आजोबांच्या वेळी राजस्थानातून आलेलं घर, इथेच मुळं धरलेलं. पण ते म्हणाले, 'बाई आधीच आजारी असणार. ऊन काय, रोजचंच आहे.' मजूर म्हणाले, 'त्या दिवशी पन्नास होतं.' आणि खरं किती होतं, ते सांगायला कुणी नव्हतं.

म्हणजे होतं. मीच होतो.

नाना त्या वेळी फार्मवर आले. तालुक्यातून चार पानांचं दैनिक काढायचे. संपादक तेच, बातमीदार तेच, आणि गठ्ठे एसटीत चढवायला स्टँडवरही तेच. त्यांनी आमच्या तेव्हाच्या साहेबांना त्या दिवसाचं तापमान विचारलं. साहेब म्हणाले, 'माहिती वरिष्ठ कार्यालयाला जाते. तिकडे अर्ज करा.' नानांनी अर्ज केला. उत्तर आलं तेव्हा थंडीत भरताच्या वांग्यांची पोती बाजारात उतरत होती. वही माझ्या कपाटात, नाना बसले होते त्या खुर्चीपासून सहा पावलांवर. तिच्यात शेहेचाळीस पूर्णांक तीन लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. पन्नास नव्हे, आणि 'रोजचंच' तर मुळीच नव्हे. त्या अख्ख्या महिन्यातला तो सर्वांत मोठा आकडा होता. मी गप्प बसलो. नोकरीत गप्प बसण्याला शिस्त म्हणतात, पण मला त्याची लाज वाटली होती आणि अजून वाटते.

पुढच्या वर्षी साहेबांच्या जागी मॅडम आल्या. रुजू झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी वही चाळली आणि विचारलं, 'हे आकडे कोण वाचतं?'

'वरचं ऑफिस.'

'आणि गाव?'

मॅडमनी गोदामात पडलेला शाळेचा जुना फळा काढायला लावला, धुऊन फाटकाच्या खांबाला टांगायला लावला, आणि मला तोंडी हुकूम दिला. साडेपाचचा आकडा आधी फळ्यावर, मग वहीत. जो पेपरवाला विचारेल त्याला तोच आकडा, त्याच वेळी. कुणाला लवकर नाही, कुणाला उशिरा नाही. आणि वही बघायची असेल त्याला कचेरीच्या वेळात खुर्ची द्यायची. परवानगी कुणाची घेतली, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

नाना दुसऱ्या दिवसापासून तो आकडा पहिल्या पानावर चौकटीत छापू लागले. त्याचा पहिला परिणाम असा झाला की लोक नानांवरच चिडले. बाकी सगळीकडे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास, आणि नानांच्या चौकटीत त्रेचाळीस. चहाच्या टपरीवर त्यांना लोक विचारायचे, 'काय नाना, तुमच्या पेपरात ऊन स्वस्त झालं का?' एका बागायतदाराने तर आपल्या गावाची बदनामी होते म्हणून अंक बंद केला. नाना हसायचे, पण त्यांच्या हसण्यात दम नसायचा. मला म्हणाले, 'बापू, मोठा आकडा छापायला अक्कल लागत नाही. लहान छापायला छाती लागते. तुझा आकडा चुकला तर माझं दुकान उठेल, एवढं लक्षात ठेव.'

त्याच महिन्यात त्यांनी आमच्या फार्मवरही लिहिलं. दोन महिने बंद असलेल्या कूपनलिकेवर, फोटोसकट. मला वाटलं, आता फळा उतरवायला सांगतील. मॅडमनी बातमी वाचली, कपाळाला आठी घातली, कूपनलिकेची फाईल मागवली. साडेपाचला मी दारात उभा राहून विचारलं, 'नानांना आजचा आकडा द्यायचा?' त्या म्हणाल्या, 'कूपनलिका बंद आहे म्हणून पारा बदलला का?'

आता निवृत्तीनंतर रोज सकाळी मी नगरपालिकेच्या वाचनालयात जातो. तिथल्या लांब टेबलावर मोठ्या पेपरांच्या शेजारी नानांचा पेपरही असतो, त्याच काठीला लावलेला. नगरपालिकेच्या नळाला गढूळ पाणी येतं ही बातमी नगरपालिकेच्याच टेबलावर, नगरपालिकेच्याच पंख्याखाली बसून वाचता येते. स्वतंत्र पेपर जगावेत म्हणून सरकारी खात्यांनी काय करावं, यावर मी मोठी भाषणं ऐकली आहेत. संपादकांचे सत्कार होतात, शाल मिळते, नारळ मिळतो. नानांच्या घरी अशा शालींची एक पेटी भरली आहे. त्यांना आमच्याकडून हवा होता तो फक्त कपाटातला आकडा, वेळेवर, आणि त्यांनी आमच्याविरुद्ध लिहिलं त्या दिवशीसुद्धा.

फळ्याचा खरा उपयोग मात्र आम्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो अक्काने काढला. हंगामाच्या सुरुवातीला तिने शेठना सांगितलं की जाऊ गेली तसं पुन्हा नको, ऊन फार असेल तेव्हा काम लवकर थांबलं पाहिजे. शेठ म्हणाले, 'फार म्हणजे किती? तुमच्या पोरांच्या फोनवर रोज पन्नास असतं.' अक्का म्हणाली, 'तुम्हना फोनवर रोज चाळीस ऱ्हास.' मग दोघांनी मिळून फळा प्रमाण धरला. आदल्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर गेला असेल तर दुसऱ्या दिवशी काम सकाळी सहाला सुरू आणि अकराला बंद, गाडी भरलेली असो की नसो. कागद नाही, सही नाही. सकाळी नानांचा पेपर बांधावर यायचा, टोळीतली एक शिकलेली सून चौकट मोठ्याने वाचायची, आणि त्यावर दिवस ठरायचा. मला हे कळलं तेव्हा भीतीच वाटली. सव्वीस वर्षांत माझ्या आकड्यावर प्रथमच कुणीतरी उभं राहिलं होतं.

मग आखाजी आली.

अक्षय तृतीयेला बाकीचा महाराष्ट्र सोनं घेतो, आमचा खान्देश झोके बांधतो आणि पत्ते कुटतो. माहेरी आलेल्या लेकी कडुनिंबाखाली झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, घराघरांत घागर पुजली जाते, सांजोऱ्या आणि आमरस होतो. आणि पुरुष, एरवी पत्त्याला हात न लावणारे सुद्धा, दोन-तीन दिवस सतरंजीवरून उठत नाहीत. त्या दिवसांत पोलीस पाटलालाही एक हात वाटला जातो. आमची सतरंजी फार्मच्या मागच्या निंबाखाली पडली होती. आम्ही चिंचोक्यांवर खेळत होतो, सरकारी नोकर होतो ना. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी साडेपाचला मी हातातली पानं उलटी ठेवून पळत पेटीकडे गेलो. पारा पंचेचाळीस पूर्णांक सहा. फळ्यावर लिहिलं, वहीत लिहिलं आणि पळत परत आलो, कारण हात फार चांगला लागला होता.

पारा झटकायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, सकाळपासून आभाळ होतं. दुपारी वारा सुटला, झोक्यावरच्या पोरींच्या ओढण्या उडत होत्या, आणि म्हातारी माणसं म्हणत होती की बरं झालं, सण सुखाचा गेला. साडेपाचला मी आमरसाने जड झालेल्या डोळ्यांनी पेटी उघडली. पंचेचाळीस पूर्णांक सहा. कालचाच पारा तिथे अडकून बसलेला. मी तो लिहिला. फळ्यासमोरून येणारे-जाणारे म्हणाले, 'बघा, आभाळ आलं तरी पंचेचाळीस!' आणि कौतुकाने पुढे गेले. सुखाचा गेला म्हणणाऱ्यांनीसुद्धा शंका घेतली नाही. आकडा मोठा असला की शंका घ्यायला कुणी थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे टोळी अकराला थांबली. शेठची दिल्लीची गाडी अर्धी भरून बांधावर उभी राहिली. दुपारी बाराच्या सुमारास मी महिन्याचा तक्ता भरत होतो आणि एकाखाली एक दोन सारखे आकडे दिसले. आखाजीचं दुपारी अडीचचं साधं तापमान माझ्याच अक्षरात एकेचाळीस होतं. पेटीत एक यंत्र होतं, फिरत्या ढोलावरच्या कागदावर स्वतःच रेघ ओढणारं. तो कागद काढला. आखाजीच्या दिवशी रेघ बेचाळीसपर्यंत जाऊन खाली वळली होती.

मी कपाट बंद केलं. कुणाला कळणार नव्हतं. खरं सांगितलं तर नानांचं दुकान उठेल, ते स्वतःच म्हणाले होते. आणि शेठच्या हातात आयतं कोलीत मिळेल, अकराचा नियम जाईल. ज्या बायांसाठी तो आकडा होता, त्यांचाच घात माझ्या खरेपणाने होणार होता. गप्प बसण्याला या वेळी चांगलं कारणही होतं. पण गप्प बसलो की काय होतं, ते मी एकदा पाहिलं होतं.

मॅडमना सांगितलं. पत्त्यांसकट सांगितलं. त्या खूप चिडल्या, आणि चिडूनच म्हणाल्या, 'पुसू नका. लाल खडूने काट मारा आणि बाजूला खरा लिहा. दोन्ही दिसले पाहिजेत.' वहीतही तसंच, खाली माझी सही. मग मी सायकल काढून नानांकडे गेलो.

नानांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'चूक पहिल्या पानावर गेली होती. दुरुस्तीही तिथेच जाईल, तेवढ्याच अक्षरात,' ते म्हणाले. 'कारण काय लिहू?'

'लिहा, निरीक्षकाच्या हातून चूक झाली.'

'कशी झाली?'

'नाना, पत्त्यांचं लिहू नका. गावात तोंड दाखवायचं आहे मला.'

'बापू, लोकांना कारण लागतं. आपण नाही दिलं तर ते स्वतः तयार करतील. उद्या म्हणतील, मजुरांनी बापूला फोडला. परवा म्हणतील, शेठनेच दुरुस्ती छापून आणली.' त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. 'तुझी परवानगी असेल तरच लिहितो.'

मी होकाराची मान हलवली.

सकाळी पेपर आला आणि नऊच्या आत फाटकावर माणसं जमली. पुढे शेठ, हातात घडी केलेला अंक. 'मॅडम, तुमचा माणूस पत्ते खेळतो आणि माझी गाडी अर्धी जाते. हा फळा मी मानत होतो. आता मानत नाही. उद्यापासून काम पूर्ण दिवस.'

अक्का तिच्या पाच-सहा बायांबरोबर मागे उभी होती. ती सरळ माझ्यासमोर आली. 'भाऊ, खरं सांग. तू पत्ता खेयी ऱ्हायंता?'

'हो.'

'हात चांगला व्हता का?'

'तीन एक्के होते, अक्का.'

ती हसली, आणि मग सगळेच हसले. शेठच्या मागे उभा असलेला त्यांचा मुनीमसुद्धा, कारण तोही दोन दिवस सतरंजीवरच होता. मग अक्का शेठकडे वळली. 'एक चूक उनी म्हनीसन बठ्ठा आकडा खोटा कसा व्हतीन? त्यानी सोता सांगं. लपाडतं तर तुम्हले कळतं का?'

'आणि उद्या पुन्हा कुणाला तीन एक्के लागले तर?' शेठ म्हणाले.

प्रश्न खरा होता. मॅडम म्हणाल्या, 'शेठ, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. एकट्या माणसावर सोडायला नको होतं. आज साडेपाचला तुम्ही दोघं या, पेटी तुमच्यासमोर उघडू. आणि रोज ज्याला यायचं त्याने यावं. फाटक उघडं राहील.'

त्या दिवशी आभाळ कुठल्या कुठे गेलं होतं. दुपारी झळा अशा की फार्मचं कुत्रं पाण्याच्या टाकीखालून हललं नाही. साडेपाचला गवतावर आम्ही सगळे उभे होतो. शेठ, अक्का, तिच्या बाया, मॅडम, आणि वही घेऊन नाना. शेठच्या दोन गाड्या दुसऱ्या दिवसासाठी लागलेल्या आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पेटीचं दार उघडलं आणि सवयीने वाकणार, तोच मॅडम म्हणाल्या, 'थांबा. शेठ, तुम्ही वाचा.'

पेटीत एका वेळी एकच डोकं जातं. शेठनी टोपी काढून मुनीमाकडे दिली, चष्मा पुसला आणि वाकले. त्यांना काय दिसतंय ते आम्हाला कुणालाच दिसत नव्हतं. आम्हाला फक्त त्यांची पाठ आणि घामाने भिजलेला सदरा दिसत होता. ते वाकलेलेच राहिले. अक्काने पदर तोंडाशी धरला होता.

शेठ सरळ झाले. 'पंचेचाळीस,' ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, 'पंचेचाळीसच्या वर एक रेघ. नाही, एक आणि थोडं. वर आहे, अक्का. सकाळी सहाला या, अकराला सोडतो.'

मी पुढे होऊन पाहिलं. त्यांनी बरोबर वाचलं होतं. मी सगळ्यांसमोर पारा झटकला, उतरल्याचं दाखवलं आणि दार लावलं.

नानांनी वहीतून डोकं वर काढून विचारलं, 'शेठ, छापू ना?'

'छापा की,' शेठ टोपी घालत म्हणाले. 'आणि वाचला कुणी, तेही छापा.'